उद्यानाच्या आधी कुंपण होतं

'पार्क' म्हटलं की आज डोळ्यांसमोर मोकळी जागा येते. मूळ अर्थ मात्र नेमका उलटा होता. मध्ययुगीन युरोपात पार्क म्हणजे राजाच्या किंवा सरदाराच्या शिकारीसाठी हरणं कोंडून ठेवलेलं, चारी बाजूंनी बंदिस्त रान. लंडनच्या हाइड पार्कची जमीन आठव्या हेन्रीने १५३६ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या मठाकडून घेतली, तीही शिकारीसाठीच. सामान्य माणसाचं पाऊल आत पडायला १६३७ साल उजाडलं, आणि तेव्हाही ती राजाची मर्जी होती, लोकांचा हक्क नव्हता. सार्वजनिक उद्यानांचा पुढचा इतिहास वाचताना झाडं, फुलं, कारंजी घटकाभर बाजूला ठेवावीत आणि नुसतं कुंपणाकडे लक्ष ठेवावं. ते कधी जागा बदलतं, कधी वेश बदलतं, पण सहजासहजी जात नाही.

अठराव्या शतकातल्या इंग्रज जमीनदारांनी ते लपवलं. 'हा-हा' अशा विचित्र नावाची युक्ती होती. हिरवळीत खोल चर खणायचा. घराच्या बाजूला सरळ दगडी भिंत, पलीकडून अलगद उतार. दिवाणखान्याच्या खिडकीतून पाहणाऱ्याला चर दिसतच नाही. हिरवळ थेट टेकडीपर्यंत गेल्यासारखी वाटते, आणि लांब चरणारी गुरं मात्र दाराशी येऊ शकत नाहीत. याच काळात लॅन्सलॉट ब्राउनने गावोगावच्या इस्टेटी पालटल्या. प्रत्येक जागेत मोठी 'केपेबिलिटी' आहे असं तो गिऱ्हाइकांना सांगे, म्हणून नावच 'केपेबिलिटी ब्राउन' पडलं. ओढे अडवून तळी करणं, चढउतार घडवणं, झाडांचे पुंजके नेमक्या जागी लावणं, आणि एवढं सगळं करून माणसाचा हात कुठे लागल्याचं दिसू न देणं ही त्याची खासियत. नजरेत खुपणारं गाव हलवायचीही तयारी असे. डॉर्सेटमधल्या लॉर्ड मिल्टनने आपल्या दृश्यात येणारी अख्खी वस्ती पाडली आणि १७८०च्या सुमारास लोकांना पलीकडच्या दरीत नव्या घरांत नेऊन बसवलं. त्या कामात ब्राउनचाही हात होता.

त्याच्यानंतरचा हम्फ्री रेप्टन जागेचं चित्र काढून त्यावर कागदाची एक झडप चिकटवायचा. झडप खाली असताना आजची जागा दिसे, उचलली की उद्याची. गिऱ्हाइकाला पटवायची इतकी साधी आणि बेरकी पद्धत पुन्हा कुणाला सुचली असेल असं वाटत नाही. संगणकावरची आजची चित्रं तेच करतात, फक्त महाग पडतात.

हे चालू असताना गावकऱ्यांच्या सामाईक जमिनी, म्हणजे आपल्या भाषेत गायरानं, कायद्याने खासगी होत होती. १६०४ ते १९१४ या काळात इंग्लंडमध्ये असे ५,२००हून अधिक कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन त्यांच्याखाली आली. उपजीविका गेलेल्यांपैकी कित्येक जण कारखान्यांच्या शहरांत दाटीवाटीने राहू लागले. आधी मोकळी जमीन काढून घेतली आणि मग मोकळ्या हवेची टंचाई झाल्याचं लक्षात आलं, असा हा क्रम आहे.

१८३१-३२ मध्ये कॉलऱ्याची साथ आली आणि १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने शहरांतल्या फिरायच्या जागांवर अहवाल दिला. रोग दुर्गंधीयुक्त हवेतून पसरतो अशी तेव्हाची ठाम समजूत होती, म्हणून उद्यानं ही शहराची फुप्फुसं. शास्त्र चुकलेलं होतं, उपाय मात्र कामाचा निघाला. हेतूही सगळे निर्मळ नव्हते. रविवारी कामगार गुत्त्यात न जाता बायकोमुलांसह, नीट कपडे घालून फिरायला जावा, वरच्या वर्गाला पाहून त्याने चार रीती शिकाव्यात, असा हिशेब त्यामागे होता.

डर्बी शहरात तो हिशेब जमिनीवरच पाहायला मिळतो. कापडगिरणीच्या घराण्यातल्या जोसेफ स्ट्रटने शहराला ११ एकर जागा दिली आणि जॉन क्लॉडियस लाउडनने तिथे वृक्षोद्यान आखलं. ते १८४० मध्ये उघडलं. जागा लहान आणि सपाट. लाउडनने वाटांच्या मधोमध मातीचे सहा ते दहा फूट उंचीचे लांबट उंचवटे केले, म्हणजे शेजारच्या वाटेवरचा माणूस दिसत नाही आणि ११ एकरांत गर्दी असूनही आपण निवांत आहोत असं वाटतं. झाडांना नावाच्या पाट्या होत्या, कारण फिरता फिरता लोकांनी शिकावं ही अपेक्षा. प्रवेश आठवड्यातले दोन दिवस मोफत, एरवी तिकीट. तिकीटखिडकी हेही कुंपणच.

ती उरली नाही ती बर्कनहेडमध्ये. लिव्हरपूलसमोरच्या या गावाने सार्वजनिक पैशातून दलदलीची जमीन घेतली, जोसेफ पॅक्स्टनकडून आराखडा करून घेतला आणि १८४७ मध्ये सुमारे १२५ एकरांचं उद्यान सर्वांना खुलं केलं. दलदलीचा निचरा केला, तळी खणली आणि निघालेल्या मातीचे उंचवटे रचले. पैशाचं गणितही पाहण्यासारखं आहे. कडेच्या जमिनीचे भूखंड पाडून विकले. उद्यानाशेजारचं घर म्हणून त्यांना भाव आला आणि त्यातून खर्च भागवायचा. उद्यानामुळे भोवतालच्या जमिनीची किंमत चढते हे सूत्र शहरांनी तेव्हापासून सोडलेलं नाही. त्यातून मूळचे रहिवासी बाहेर ढकलले जातात, ही त्याच सूत्राची दुसरी बाजू.

१८५० मध्ये एक तरुण अमेरिकन शेतकरी तिथून चालला होता. एका पाववाल्याने त्याला आग्रह केला, आमचं नवं उद्यान पाहिल्याशिवाय जाऊ नका. हा तरुण म्हणजे फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड. लोकशाहीवाल्या अमेरिकेत लोकांचं म्हणावं असं एकही उद्यान नाही, आणि राणीच्या देशात ते आहे, हे त्याला लागलं.

पुढची गोष्ट न्यूयॉर्कची. सेंट्रल पार्कसाठी निवडलेली जमीन रिकामी होती असं पुष्कळदा सांगितलं जातं. ती रिकामी नव्हती. सुमारे १,६०० माणसं तिथे राहत होती. त्यांपैकी सवादोनशेच्या आसपास लोक सेनेका व्हिलेजमध्ये, म्हणजे मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या, स्वतःच्या मालकीच्या घरांच्या वस्तीत. तीन चर्च होती, शाळा होती. १८५७ पर्यंत सगळे उठवले गेले. जमीनमालकांना मोबदला मिळाला, पण वस्ती म्हणून काही उरलं नाही.

नंतर झालेल्या आराखड्यांच्या स्पर्धेत ३३ प्रवेशिका आल्या. ओल्मस्टेड आणि इंग्लंडहून आलेला वास्तुविशारद कॅल्व्हर्ट वॉक्स यांची जोडी १८५८ मध्ये जिंकली. 'आज' आणि 'उद्या' अशी चित्रं त्यांनी शेजारी शेजारी मांडली होती. रेप्टनची झडप अटलांटिक ओलांडून आली होती. जिंकून देणारी खरी गोष्ट मात्र रस्त्यांची होती. पूर्व-पश्चिम जाणारे चार रस्ते उद्यान कापून न्यायचेच, अशी अट होती. या दोघांनी ते खाली खंदकात घातले. वर पूल, कडेला दाट झाडी. खालून मालाच्या गाड्या खडखडत जातात आणि वर हिरवळीवर बसलेल्याला त्याचा पत्ता नसतो. म्हणजे तोच हा-हा, फक्त गुरांऐवजी वाहतुकीसाठी. आतही चालणारे, घोडेस्वार आणि बग्ग्या यांच्या वाटा पुलांनी वेगळ्या केल्या. रान म्हणून जे दिसतं त्याखाली निचऱ्याचे नळ, सुरुंगाने फोडलेला खडक आणि गाड्या भरभरून आणलेली माती आहे.

या कामाला नाव काय द्यायचं हा प्रश्न होता. बागवान म्हणणं अपुरं, इंजिनिअर म्हणणं अर्धवट. १८६३ पर्यंत ओल्मस्टेड आणि वॉक्स 'लँडस्केप आर्किटेक्ट' हे नाव अधिकृतपणे लावू लागले. ओल्मस्टेडला ते शेवटपर्यंत फारसं आवडलं नाही. १८९९ मध्ये अमेरिकेत या व्यावसायिकांची संघटना झाली आणि पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये अभ्यासक्रम सुरू झाला.

माझ्या मते ओल्मस्टेडचं सर्वांत दूरदृष्टीचं काम बॉस्टनचं आहे. बॅक बेच्या खाजणात सांडपाणी साचून घाण सुटली होती. १८७८ पासून त्याने तिथे भरतीचं पाणी आत-बाहेर खेळेल अशी दलदल घडवली, पुराचं पाणी साठायला जागा ठेवली आणि पुढे एकेक हिरवी जागा जोडत साखळीच केली. उद्यान हे गटाराचं आणि पुराचंही काम करतं, ही आज नवी म्हणून मांडली जाणारी कल्पना तिथे प्रत्यक्षात होती. ती टिकली नाही. १९१० मध्ये नदीवर धरण पुरं झालं, खारं पाणी येणं थांबलं आणि त्याने लावलेल्या खाजणातल्या वनस्पती मेल्या. उद्यान आखणाऱ्याने पाण्याचा विचार केला होता, शहराने उद्यानाचा केला नाही.

टाकाऊ जमिनीची परंपराही जुनीच. पॅरिसचं ब्यूत-शोमों १८६७ मध्ये जिप्समच्या खाणी आणि उकिरड्यावर उभं राहिलं. जर्मनीतल्या ड्यूसबर्गचा १९८५ मध्ये बंद पडलेला लोखंडाचा कारखाना पीटर लाट्झने पाडलाच नाही. झोतभट्ट्या तशाच उभ्या आहेत, भिंतींवर गिर्यारोहक सराव करतात आणि वायूच्या जुन्या टाकीत पाणी भरून पाणबुडे उतरतात.

विसाव्या शतकात मोकळ्या जागेची मोजदाद सुरू झाली. माणशी किती, वस्तीपासून किती अंतरावर. आकडे नकाशावर शोभतात, पण लोक तिथे जातात का हे ते सांगत नाहीत. न्यूयॉर्कने १९६१ च्या नियमांत बिल्डरांना सवलत दिली. इमारतीपुढे लोकांसाठी एक चौरस फूट मोकळा चौक सोडा आणि सगळ्यांत दाट भागात बदल्यात दहा चौरस फूट जादा बांधकाम घ्या. चौक झाले ढीगभर, बहुतेक ओसाड. शहरातल्या जागा लोक कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या विल्यम व्हाइटने सत्तरच्या दशकात आसपासच्या उंच जागांवर कॅमेरे लावून दिवसदिवस ते पाहिले. त्याचा निष्कर्ष इतका साधा की सांगायला संकोच वाटावा. जिथे बसायला जागा असते तिथे माणसं बसतात. अनेक चौकांत कट्ट्यांवर अणकुचीदार सळ्या होत्या, मुद्दाम कुणी बसू नये म्हणून.

सुट्या खुर्च्यांबद्दलचं त्याचं निरीक्षण मला फार आवडतं. माणूस खुर्चीपाशी येतो, ती दोन-चार इंच इकडे सरकवतो, तिकडे सरकवतो, शेवटी होती जवळपास तिथेच ठेवतो आणि मग बसतो. मेट्रोपॉलिटन म्युझियमने आपल्या पायऱ्यांजवळच्या सुट्या खुर्च्या रात्रंदिवस बाहेरच ठेवल्या. रोज रात्री रखवालदारांकडून आत नेण्यापेक्षा हरवतील तेवढ्या नव्या घेणं स्वस्त, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो बरोबर निघाला.

न्यूयॉर्कमधल्याच ब्रायंट पार्कचा तेव्हा अमली पदार्थ विकणाऱ्यांनी ताबा घेतला होता. रस्त्यापेक्षा उंच, झुडपांच्या रांगा आणि लोखंडी कुंपणाने वेढलेलं ते उद्यान आत काय चाललंय हे बाहेर दिसूच देत नव्हतं. घाबरून कुंपण वाढवण्याऐवजी ते काढा, असं व्हाइटने सुचवलं. झुडपं गेली, कुंपण गेलं, दगडी कठड्यांत नव्या वाटा पाडल्या. १९९२ मध्ये उद्यान पुन्हा उघडलं तेव्हा हिरवळीभोवती हिरव्या घडीच्या खुर्च्या होत्या आणि त्यांतली एकही जमिनीला ठोकलेली नव्हती.