चर्च आणि सरकारमधली ती भिंत आली कुठून

अमेरिकेत चर्च आणि सरकार एकमेकांपासून किती लांब ठेवायचं यावर भांडण लागलं की कुणी ना कुणी 'सेपरेशनची भिंत', म्हणजे दोघांना वेगळं ठेवणारी भिंत, हा विषय काढतोच, आणि गंमत म्हणजे ती भिंत तिथल्या घटनेत शोधायला गेलात तर सापडत नाही. 1791 च्या पहिल्या घटनादुरुस्तीत एवढंच आहे की काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, सरकारी धर्म ठरवणारा कायदा करायचा नाही आणि कुणाला आपला धर्म पाळण्यापासून अडवायचंही नाही. भिंत आली ती एका पत्रातून.

पत्र 1 जानेवारी 1802 चं. लिहिणारे थॉमस जेफरसन, प्रेसिडेंट होऊन जेमतेम दहा महिने झालेले, आणि पत्र गेलं कनेक्टिकटमधल्या डॅनबरी बॅप्टिस्ट असोसिएशनला. आता हे बॅप्टिस्ट, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाचे लोक, काही नास्तिक वगैरे नव्हते हां, उलट चांगले कट्टर भाविक. पण कनेक्टिकटमधे काँग्रिगेशनल चर्च, हा दुसरा प्रोटेस्टंट पंथ, सरकारमान्य होतं, त्याचा खर्च टॅक्समधून चालायचा, आणि तो टॅक्स टाळायचा असेल तर आम्ही वेगळ्या पंथाचे आहोत असं सर्टिफिकेट दाखल करा. त्यांचं म्हणणं साधं होतं, आम्हाला जे स्वातंत्र्य मिळतंय ते मेहेरबानी म्हणून मिळतंय, हक्क म्हणून नाही. बरं, पहिली दुरुस्ती तेव्हा फक्त फेडरल म्हणजे केंद्र सरकारला लागू होती, राज्यांना मोकळं रान, त्यामुळे कनेक्टिकटमधे हे 1818 पर्यंत चाललं आणि मॅसॅच्युसेट्समधे तर 1833 पर्यंत.

त्या पत्राचा कच्चा मसुदा शिल्लक आहे, आणि त्यात काही ओळी शाई फासून खोडलेल्या आहेत. 1998 मधे एफबीआयच्या लॅबने त्या वाचून दिल्या. जेफरसनने आधी लिहिलं होतं की मी प्रेसिडेंट म्हणून उपास-प्रार्थनेचे दिवस जाहीर करत नाही ते का, पण अटर्नी जनरल लेव्हाय लिंकनने सांगितलं की न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांतल्या लोकांना सरकारने जाहीर केलेल्या थँक्सगिव्हिंगची (देवाचे आभार मानायच्या दिवसाची) सवय आहे, उगाच दुखावतील, मग तो भाग गाळला. म्हणजे ज्या पत्रावर लोक शंभर-दोनशे वर्षं तत्त्वज्ञान उभारत बसलेत ते मुळात बरंचसं राजकीय पत्र होतं. आणि त्याच दिवशी मॅसॅच्युसेट्सच्या चेशायर गावातून जॉन लेलंड नावाचा बॅप्टिस्ट पाद्री 1,235 पाउंडांचं चीज घेऊन जेफरसनच्या दारात हजर, गावाकडून भेट म्हणून! दोनच दिवसांनी रविवारी लेलंडचं प्रवचन झालं ते थेट संसदेच्या हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हजच्या सभागृहात, आणि ऐकायला जेफरसन स्वतः बसलेले. भिंतीचं पत्र लिहून 48 तास झाले होते फक्त.

याला काही लोक ढोंग म्हणतात. मला नाही वाटत तसं, कारण त्या काळातल्या बॅप्टिस्टांना सरकारी इमारतीत भजन होतंय याचा त्रास नव्हता, त्रास होता तो टॅक्सचा आणि जेलचा. व्हर्जिनियात 1760-70 च्या दशकांत परवान्याशिवाय प्रवचन करतात म्हणून बॅप्टिस्ट पाद्र्यांना आत टाकायचे, पुढे प्रेसिडेंट झालेल्या तरुण जेम्स मॅडिसनने 1774 मधे मित्राला चिडून लिहिलंय की शेजारच्या काउंटीत पाच-सहा भली माणसं यासाठी जेलमधे आहेत. पुढे 1784 ला पॅट्रिक हेन्री या तिथल्याच पुढाऱ्याने बिल आणलं की ख्रिश्चन धर्म शिकवणाऱ्यांसाठी कर घ्या, कुठल्या चर्चला द्यायचा ते ज्याचं त्याने सांगावं. ऐकायला किती समंजस वाटतं. मॅडिसन म्हणाला, जे सरकार धर्मासाठी तीन पेन्स घ्यायची सक्ती करू शकतं ते उद्या कुठलाही पंथ पाळायची सक्ती करेल, बिल बारगळलं, आणि 1786 मधे जेफरसनचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा पास झाला. भिंत हा शब्दसुद्धा आधीचाच, 1644 मधे रॉजर विल्यम्स या पाद्र्याने वापरलेला, तोही धार्मिक माणूस, आणि त्याला बाहेरच्या जंगलापासून चर्चची बाग वाचवायची होती, उलटं नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धी भांडणं वेगळी दिसतात.

मग भांडण शाळेत शिरलं. पब्लिक स्कूलमधे, म्हणजे तिथल्या सरकारी शाळेत, प्रोटेस्टंटांचं किंग जेम्स बायबल वाचायचे, कॅथलिक म्हणाले आमची मुलं हे वाचणार नाहीत, 1844 मधे फिलाडेल्फियात त्यावरून दंगली झाल्या, चर्च जाळली गेली. कॅथलिकांनी स्वतःच्या शाळा काढल्या तर 1875 मधे जेम्स ब्लेन या काँग्रेस सदस्याने घटनादुरुस्ती सुचवली की धार्मिक शाळांना सरकारी पैसा नाही. ती सिनेटमधे अडकली पण बऱ्याच राज्यांनी तसली कलमं आपापल्या घटनेत घातली. म्हणजे प्रोटेस्टंटांचा हिशेब असा, पब्लिक स्कूलमधे आमचं बायबल चालतं, पण तुमच्या शाळेला पैसा मिळाला की सेपरेशन मोडतं. हा भाग भिंतवाले सहसा सांगत नाहीत.

सुप्रीम कोर्टाने ती भिंत सगळ्या राज्यांसमोर उभी केली 1947 ला, एव्हरसन केसमधे, म्हणजे पहिल्या दुरुस्तीतला सरकारी धर्माचा भाग राज्यांनाही लागू केला. न्यू जर्सीत कॅथलिक शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांना बसचं भाडं परत मिळत होतं, तेवढाच वाद. जस्टिस ह्यूगो ब्लॅकने लिहिलं भिंत उंच आणि अभेद्य हवी, आणि लगेच 5-4 ने निकाल दिला की बसभाडं चालेल! 1962 मधे मात्र त्याच ब्लॅकने न्यूयॉर्कच्या शाळांमधली प्रार्थना बंद केली, सरकारी बोर्डाने लिहिलेली 22 शब्दांची, कुठल्याच पंथाची नाही, ज्याला नको त्याने म्हणू नये. पण वर्गात एकटं गप्प उभं राहणं आठ वर्षांच्या मुलाला किती जमतं हा प्रश्न आहेच, आणि प्रार्थना सरकारने लिहायचीच कशाला.

माझ्या मते इथे दोन वेगळे प्रश्न लोक एकात कालवतात. सरकारने स्वतः प्रार्थना करवून घेणं एक, आणि सगळ्यांना मिळणारी सोय धार्मिक माणसालाही मिळणं दुसरं. चर्चला आग लागली तर फायर ब्रिगेड जाऊ नये असं कुणीच म्हणत नाही. पण मेन या राज्यात जिथे सरकारी हायस्कूल नाही तिथे सरकार खाजगी शाळेची फी भरतं, 2022 मधे कोर्ट म्हणालं मग धार्मिक शाळेचीही भरा, आणि ही फायर ब्रिगेड आहे की पॅट्रिक हेन्रीचं बिल, यावर मी स्वतः दोनदा मत बदललंय. त्याच महिन्यात ब्रेमर्टन गावच्या सरकारी शाळेतल्या फुटबॉल कोचच्या केसचा निकाल आला, हा कोच मॅचनंतर मैदानाच्या मधोमध गुडघे टेकून प्रार्थना करायचा. बहुमताने म्हटलं त्याची खाजगी प्रार्थना, तर जस्टिस सोटोमायोरने विरोधी मतात फोटोच छापले, कोचभोवती खेळाडूंचा घोळका. टीममधे कोणाला खेळवायचं ते कोच ठरवतो, त्यामुळे इथे मी सोटोमायोरच्या बाजूने.

2025 मधे ओक्लाहोमाच्या केसने विषय टोकाला नेला, सरकारी पैशावर चालवायची कॅथलिक चार्टर स्कूल (सरकारी पैसा, पण चालवणारी संस्था वेगळी). राज्याच्या सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं होतं. वॉशिंग्टनला देशाच्या सुप्रीम कोर्टात एक जस्टिस बाजूला झाल्या, उरलेले आठ 4-4 फुटले, त्यामुळे 22 मे ला खालचा निकाल कायम झाला, कारणं काहीच दिली नाहीत, आणि बाकीच्या राज्यांवर तो बंधनकारकही नाही.