स्पालोवाच म्रत्वोल

चेकोस्लोव्हाकियातील कृष्णधवल चेक चित्रपट (१९६९). नावाचा अर्थ ‘मृतदेह जाळणारा’. दिग्दर्शक युराय हर्त्स (१९३४–२०१८). लादिस्लाव फुक्स यांच्या १९६७ सालच्या कादंबरीवरून दोघांनी मिळून पटकथा लिहिली. भयपट आणि काळा विनोद यात इतके एकजीव झाले आहेत, की आपण नेमके कुठे हसायचे थांबलो हे दुसऱ्यांदा पाहतानाही सांगता येत नाही.

कथा १९३०च्या दशकाअखेरच्या प्रागमधली. कारेल कोप्फर्किंगल हा शवदाहिनीतला अधिकारी मृदुभाषी, कुटुंबवत्सल आणि टापटिपीचा आहे. तिबेटी बौद्ध मतावरचे एक पुस्तक वाचून दहनामुळे आत्मा दुःखातून लवकर सुटतो, अशी त्याची खात्री झाली आहे. मध्य युरोपात तेव्हा दफनाची रीत अधिक रूढ होती आणि कॅथलिक चर्चने १९६३पर्यंत दहनाला मुभा दिली नव्हती. त्यामुळे तिथल्या प्रेक्षकाला हा माणूस आधी केवळ विक्षिप्त वाटतो. दहन आणि पुनर्जन्म ज्यांच्या घरातल्याच गोष्टी आहेत, अशा मराठी प्रेक्षकाला तो सुरुवातीला चक्क पटू लागतो, आणि म्हणून पुढचे जास्त लागते. राइन्के हा जुना मित्र त्याला नाझी विचार पाजतो. बायकोची आई ज्यू होती हे लक्षात येताच कोप्फर्किंगल बायकोला आणि मुलाला त्याच गोड आवाजात ‘मुक्त’ करतो. मुलगी थोडक्यात वाचते. बायकोचे खरे नाव मारी, पण तो तिला लाक्मे म्हणतो. फ्रेंच संगीतकार देलिब यांच्या ऑपेरातल्या भारतीय नायिकेचे हे नाव म्हणजे ‘लक्ष्मी’चे फ्रेंच रूप.

रुडॉल्फ ह्रुशिन्स्की यांचा अभिनय हा चित्रपटाचा प्राण आहे. भोळ्या सैनिक श्वेइकच्या भूमिकेमुळे लोकांचा लाडका झालेला हा नट इथे प्रेताचे केस विंचरतो आणि त्याच कंगव्याने स्वतःचेही. छायालेखक स्तानिस्लाव मिलोता यांनी चेहरे अगदी जवळून आणि फिशआय भिंगातून वाकवून टिपले. कोप्फर्किंगल एका खोलीत वाक्य सुरू करतो आणि कॅमेरा मागे सरकतो तेव्हा तो दुसरीकडेच असतो. झ्देन्येक लिश्का यांचे संगीत अंगाईइतके कोमल आहे. दाहिनीच्या दृश्यांसाठी पार्दुबित्से येथील वास्तू वापरली.

हर्त्स स्वतः ज्यू. लहानपणी त्यांनी रावेन्सब्र्युकची छळछावणी भोगली होती. फिल्म शाळेत नव्हे, तर कठपुतळी रंगभूमीच्या विभागात पुढे ॲनिमेशनपटकार झालेल्या यान श्वांकमायर यांच्यासोबत ते शिकले. चित्रीकरण चालू असतानाच, ऑगस्ट १९६८मध्ये, सोव्हिएत रणगाडे देशात शिरले. पुढे चित्रपटावर बंदी आली, ती १९८९पर्यंत. परदेशात मात्र स्पेनमधल्या १९७२च्या सित्खेस चित्रपट महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाले.

मिलोता यांनी जानेवारी १९६९मध्ये सोव्हिएत आक्रमणाच्या निषेधार्थ आत्मदहन केलेल्या यान पालाख या विद्यार्थ्याची अंत्ययात्रा चित्रित केली आणि नंतर त्यांना काम मिळेनासे झाले. त्यांच्या पत्नी व्लास्ता ख्रामोस्तोवा यांनी चित्रपटात लाक्मे साकारली होती. त्यांनाही रंगमंच बंद झाला, तेव्हा त्यांनी प्रागमधल्या आपल्या घराच्या दिवाणखान्यातच नाटके केली.