गोळी नळीतून सुटल्यावर वर चढते का?

रायफल शिकणाऱ्यांना वर्षानुवर्षे सांगितले जाते की, गोळी नळीबाहेर पडताच आधी आपोआप वर उचलली जाते आणि मग खाली येते. हे खरे नाही. नळी सोडल्या क्षणापासून गुरुत्वाकर्षण तिला नळीच्या रेषेखाली ओढू लागते. सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सुटलेला एअर रायफलचा छर्रा १० मीटरवर पोहोचेपर्यंत जवळपास पावणेदोन सेंटिमीटर खाली आलेला असतो, आणि तेथील दहा गुणांचा ठिपका तर अवघा अर्ध्या मिलिमीटरचा! छर्रा चढतो असे वाटते, कारण साइट, म्हणजे नेम धरण्याचे साधन, नळीच्या वर बसवलेली असते आणि नेमाच्या रेषेच्या तुलनेत नळी किंचित वर रोखलेली असते.

या गैरसमजाचा खरा तोटा दुरुस्तीच्या वेळी होतो. छर्रे उजवीकडे व थोडे खाली लागू लागले की नळी वाकली असे समजून रायफल थेट कारागिराकडे नेली जाते. वस्तुतः रायफल उजवीकडे कलली, तर नळीचा तो वरचा कोनही उजवीकडे झुकतो आणि नेमके हेच घडते. म्हणून आधी रायफल सरळ धरली जाते का आणि साइटचे स्क्रू घट्ट आहेत का, हे तपासावे; मगच मागची साइट, छर्रा ज्या दिशेला न्यायचा त्याच दिशेला, एकेक क्लिक, म्हणजे तिच्या स्क्रूचा एकेक टप्पा, सरकवावी.