धर्मभावना दुखावणे आणि सहिष्णुता (ख्रिस्ती-मुस्लिम संबंध, ग्रामीण विदर्भ)

एका धर्माच्या माणसाचे बोलणे, लिहिणे किंवा मोबाइलवरून पुढे पाठवणे दुसऱ्या धर्माच्या माणसाला झोंबते, त्यावरून तक्रार होते आणि मग ती मिटते किंवा चिघळते, हा या नोंदीचा विषय. विदर्भात धार्मिक तेढ म्हटली की हिंदू-मुस्लिम वादच डोळ्यांपुढे येतो. ख्रिस्ती-मुस्लिम संबंधांकडे सहसा कोणी पाहत नाही, कारण दोन्ही समाज अल्पसंख्य. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिम सुमारे ११.५ टक्के, तर ख्रिस्ती एक टक्क्याहून थोडे कमी. बाळापूर, अचलपूर, कारंजा अशा वऱ्हाडातल्या जुन्या कसब्यांत मुस्लिम वस्ती दाट आहे. ख्रिस्ती कुटुंबे मिशनच्या शाळा-दवाखान्यांच्या आसपास आणि मेळघाटातल्या काही कोरकू आदिवासी गावांत विखुरलेली. शेजारी शेजारी राहण्याचा योग कमीच, आणि गाठ पडते ती बहुधा बाळंतपणाच्या वॉर्डात नाहीतर शाळेच्या फाटकाशी.

या दोन धर्मांमधला वाद ओळखीतून आलेला आहे. हजरत ईसा, म्हणजे येशू ख्रिस्त, मुसलमानांचेही पैगंबर, आणि कुराणातली १९ वी सुरा (अध्याय) त्यांच्या आईच्या, मरियमच्या नावाची. मात्र ईसा देवाचा पुत्र आहे हे इस्लामला मान्य नाही. कुराणाच्या चौथ्या सुरेप्रमाणे तर त्यांना क्रुसावर मारले गेलेच नाही, आणि ख्रिस्ती श्रद्धा नेमकी त्या क्रुसावर उभी. उलट बाजूने, मुहंमद हे देवाचे अखेरचे पैगंबर हे ख्रिस्ती माणूस मानत नाही. मानले तर तो ख्रिस्ती उरेल कसा? म्हणजे दोघांनी आपापला धर्म सरळपणे सांगितला तरी दुसऱ्याच्या श्रद्धेला नकार येतोच. हा नकार वेगळा आणि टवाळी वेगळी. दोन्ही धर्मग्रंथांना हा भेद ठाऊक आहे. इतरांच्या आराध्यांना शिवीगाळ करू नका, नाहीतर तेही अजाणतेपणी अल्लाहला शिव्या देतील, असे कुराण (६:१०८) बजावते. आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यावे पण सौम्यपणे, असे बायबलमधले पेत्राचे पहिले पत्र (३:१५) सांगते.

एकोणिसाव्या शतकात हे वाद चव्हाट्यावर होत. १८५४ मध्ये आग्र्याला मिशनरी कार्ल फांडर आणि मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांचा जाहीर मुनाझरा (धर्मविषयक वादविवाद) झाला. बायबलच्या मूळ पाठात फेरफार झाला की नाही यावर दोघे लोकांसमोर भिडले. पुढे १८९७ च्या सुमारास पैगंबरांच्या पत्नींविषयी एका ख्रिस्ती लेखकाचे ‘उम्महातुल मोमिनीन’ हे जहाल पुस्तक निघाले, तेव्हा लाहोरच्या अंजुमन-ए-हिमायत-ए-इस्लाम या मुस्लिम संस्थेने सरकारकडे दाद मागितली. सर सय्यद अहमद खान यांनी मात्र आयुष्याच्या अखेरीस त्याला लेखी उत्तर द्यायला घेतले. तक्रार करायची की उत्तर द्यायचे, हा पेच तेव्हापासूनचा.

विदर्भात स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४० च्या दशकात नागपूरला आले. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ ते बुडून वारले. पुढे वऱ्हाडात इतर मिशन आल्या. विदर्भ जुन्या मध्य प्रदेशात आणि राजधानी नागपूरला असताना, १९५४ मध्ये न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी समिती नेमली गेली. १९५६ मध्ये तिचा अहवाल आला. त्याचा सगळा रोख धर्मांतरावर होता, त्यामुळे मुस्लिम आणि ख्रिस्ती एकमेकांशी कसे वागतात याकडे सरकारी कागदांतून पाहण्याची सवयच लागली नाही.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामची प्रार्थना हे या भागातले ठळक उदाहरण. गांधीजींच्या प्रार्थनेत गीतेच्या श्लोकांबरोबर कुराणातल्या आयती असत आणि ख्रिस्ती स्तोत्रेही. १९४७ मध्ये दिल्लीच्या प्रार्थनासभेत कुराणपठणाला कोणी हरकत घेतली की ते प्रार्थनाच थांबवत. एकाच्या हरकतीने सगळ्यांची प्रार्थना थांबावी का, हा वाद तेव्हाही होता. पण हरकत घेणाऱ्याला त्यांनी गुन्हेगार ठरवले नाही.

आजचा कायदा १९२७ चा. ‘रंगीला रसूल’ या पैगंबरांविषयीच्या १९२४ च्या पुस्तिकेच्या प्रकाशकाला लाहोर उच्च न्यायालयाने सोडले, त्यावरून उसळलेल्या क्षोभानंतर भारतीय दंड संहितेत कलम २९५-अ घालण्यात आले. इतिहासाचा अभ्यास आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्यांना संरक्षण राहिले पाहिजे, असे तेव्हा विधिमंडळात बजावणारे मोहम्मद अली जिना होते, हे आज मुद्दाम सांगावे लागते. १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले, पण अजाणता किंवा निष्काळजीपणे झालेला अवमान त्यात बसत नाही, असेही म्हटले. १ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय न्याय संहितेत २९९ या क्रमांकाने आहे. जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने अवमान केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

भावना दुखावल्या की हे दोन समाज एकत्रही येतात. २००६ मध्ये ‘द दा विंची कोड’ या चित्रपटाला ख्रिस्ती संघटनांनी विरोध केला, तेव्हा मुंबईतल्या काही मुस्लिम संघटनांनी त्यांना पाठिंबा दिला, कारण ईसा त्यांचेही पैगंबर. ही जवळीक खरीच, पण ती दुसऱ्याचे तोंड बंद करण्याच्या मागणीवर झाली. देशभर बंदीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

गावात यातले काहीच चर्चेला येत नाही. तिथे प्रकरण सुरू होते ते व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवरून. वाद कुठल्या तरी दूरच्या देशातला असतो, आणि व्हिडिओ हिंदी किंवा इंग्रजीत, ठेवणाऱ्याने तो शेवटपर्यंत पाहिलेलाही नसतो. कोणीतरी स्क्रीनशॉट काढतो, तासाभरात तो चार ग्रुपवर फिरतो, आणि संध्याकाळी दोन्हीकडचे लोक ठाणेदारापुढे बसतात. पोलीस पाटील आणि शांतता समितीचे दोघे-चौघे असतात. २००७ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेची समिती अजून जागी असेल तर तिचा अध्यक्षही येतो. ‘चुकून फॉरवर्ड झालं साहेब’, हे ठरलेले वाक्य. साध्या कागदावर माफीनामा लिहून होतो, स्टेटस उडते, अलीकडे माफीचा व्हिडिओही काढून त्याच ग्रुपवर टाकायला लावतात. बापाला पोरापेक्षा जास्त मान खाली घालावी लागते.

पद्धत स्वस्त आहे, जलदही. पण कायदा हेतू विचारतो, गाव विचारत नाही. अश्लील चित्र टाकणाऱ्या पोराकडून जो माफीनामा घेतात, तोच ‘आम्ही त्यांना पैगंबर मानत नाही’ किंवा ‘ईसा देवाचा पुत्र नाही’ एवढेच लिहिणाऱ्याकडूनही घेतला जातो. मग लोक शिकतात ते एवढेच की धर्मावर बोलू नये. ईदचा शिरखुर्मा आणि नाताळचा केक इकडून तिकडे जातो, तो हा विषय टाळूनच.

माफीवर भागले नाही तर गुन्हा दाखल होतो. कलम २९९ खाली न्यायालयाने दखल घेण्यासाठी केंद्र किंवा राज्य सरकारची पूर्वपरवानगी लागते. तोवर त्या पोराचा मोबाइल जप्तीत असतो आणि तारखेला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते.