सुरीचा कडकपणा मोजतात कुठे आणि सुरी कापते कुठे

चांगल्या सुऱ्यांच्या खोक्यावर हल्ली ‘६० एचआरसी’ असा आकडा छापलेला असतो. आकडा जितका मोठा तितकी सुरी भारी, अशी समजूत मग आपसूकच होते. आकडा बहुधा खराही असतो. फक्त पात्याच्या ज्या जागेवर तो मोजलेला असतो, त्या जागेनं आपण काहीच कापत नाही.

एचआरसी म्हणजे रॉकवेल पद्धतीची ‘सी’ मोजपट्टी. ह्यू रॉकवेल आणि स्टॅन्ली रॉकवेल हे दोघे अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात बॉल बेअरिंगच्या कारखान्यात होते. बेअरिंगच्या कड्यांना पाणी नीट बसलं आहे का, म्हणजे तापवून झटकन थंड केल्यावर त्या पुरेशा कडक झाल्या आहेत का, हे झटपट तपासता यावं म्हणून त्यांनी हे यंत्र काढलं. पेटंटसाठी अर्ज केला १९१४ साली, ते मिळालं १९१९ मध्ये.

यंत्राच्या टोकाला १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू असतो. आधी १० किलोचा भार देऊन शंकू पात्यात जेमतेम रुतवायचा आणि तिथं शून्य धरायचं. मग भार १५० किलोपर्यंत न्यायचा, काही सेकंद थांबायचं, वाढवलेला भार काढून घ्यायचा आणि शंकू शून्यापासून किती खोल राहिला ते वाचायचं. खोलीचे दर ०.००२ मिलिमीटर म्हणजे एक गुण, आणि १०० मधून हे गुण वजा केले की एचआरसी. म्हणजे ६० च्या सुरीत खळगा ०.०८ मिलिमीटर, ५४ च्या सुरीत ०.०९२. नरम सुरी आणि कडक सुरी यांच्यातला फरक एवढाच, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी!

आता अडचण पाहा. खळग्याच्या खोलीच्या निदान दहापट जाडी असल्याशिवाय हे मोजमाप भरवशाचं ठरत नाही, आणि पृष्ठभागही सपाट लागतो. धारेची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. तिथं शंकू टेकवणार कसा? म्हणून माप घेतात पाठीकडच्या जाड भागावर. कारखान्यात धार काढताना पातं तापलं, तर पाठीला ६० आणि धारेला त्याहून बरंच कमी असं होऊ शकतं. साध्या कार्बन पोलादाच्या धारेवर निळसर झाक दिसली, तर ती साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली आणि तिचा कडकपणा उतरला, हे समजावं. घासून पाहायच्या खास कानशी मिळतात, ४० ते ६५ एचआरसीच्या. कानस घसरली तर पोलाद तिच्यापेक्षा कडक, चावली तर नरम. अंदाज ढोबळच येतो, पण तो धारेजवळचा असतो.

धार जाते म्हणजे नेमकं काय होतं? बोथट सुरी दिव्याखाली धार वर करून धरा. चांगली धार प्रकाशात दिसतच नाही; जिथं चमकती रेघ किंवा ठिपका दिसतो, तिथं ती गेलेली असते. कुठं ती एका बाजूला वळते, कुठं तिचा टवका उडतो, कुठं ती नुसती झिजते. वळणं हे नरम पोलादाचं दुखणं, टवका उडणं हे चिवटपणा कमी पडल्याचं. कडकपणा वाढवला की चिवटपणा साधारणपणे घटतो. म्हणून पाणी दिल्यावर पातं पुन्हा थोडं तापवून त्याचा ठिसूळपणा मारावा लागतो.

झिजेचं गणित मात्र वेगळं आहे. विकर्स ही कडकपणाची आणखी एक मोजपट्टी; ६० एचआरसी म्हणजे तिच्यावर साधारण ७००. पण त्याच पोलादात विखुरलेले क्रोमियम कार्बाइडचे (धातू आणि कार्बनच्या कडक संयुगाचे) कण १५०० च्या आसपास असतात आणि व्हॅनेडियम कार्बाइडचे २५०० च्या वर. हिऱ्याचा शंकू या सगळ्यांची सरासरी काढतो. त्यामुळे ६० च्याच दोन सुऱ्यांपैकी एक दुसरीच्या कितीतरी जास्त वेळ टिकू शकते. अर्थात व्हॅनेडियमवाली सुरी साध्या दगडावर पाजळायला बसलात, तर घाम निघेल.

टिकाऊपणा मोजायला इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या ‘काट्रा’ या संस्थेचं यंत्र प्रसिद्ध आहे. सुरीची धार वर करून ती पकडीत बसवतात. ५ टक्के सिलिका (वाळू असते तो पदार्थ) मिसळलेल्या कार्डांचा गठ्ठा ५० न्यूटन बलानं तिच्यावर दाबून पुढं-मागं कापतात. अशा ६० फेऱ्यांत एकूण किती मिलिमीटर कार्ड कापलं ते मोजतात. चाचणी चोख आहे, पण ती प्रामुख्यानं झीज पाहते. स्वयंपाकघरातली धार वाळूनं जात नाही. ती भाजी चिरायच्या पाटावर आपटून वळते, लिंबू-टोमॅटोच्या आम्लानं गंजते, आणि काचेच्या पाटावर तर काही मिनिटांत मरते. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी दाढीच्या पात्यांचं निरीक्षण सूक्ष्मदर्शकाखाली केलं. पोलादापेक्षा साधारण ५० पट नरम असलेला केसही ठरावीक कोनातून आला, तर धारेचा टवका काढतो, असं त्यांना दिसलं!

आणि या सगळ्यापेक्षा जास्त फरक पडतो तो धारेच्या कोनानं. दर बाजूला २० अंशांऐवजी १५ अंश ठेवले, की तीच सुरी हलकी चालते; टवके उडाले नाहीत तर कापतेही जास्त वेळ. माझ्या मते कडकपणाचा खरा उपयोग इथंच आहे: ६० च्या पोलादाला बारीक कोन पेलतो, ५४ च्या पोलादाची तेवढी पातळ धार पाटावर चार वेळा आपटली की वळते. घरी दोन सुऱ्या ताडून पाहायच्या तर दोन्ही एकाच दगडावर, एकाच कोनात पाजळा आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापत राहा. दर काही पट्ट्यांनंतर वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापून पाहा. ज्या सुरीनं कागद आधी फाटायला लागेल, तिचा कोन दर बाजूला दोन-तीन अंशांनी वाढवून पुन्हा तीच चाचणी घ्या. धार वळत असेल तर या वेळी फरक दिसेल. नुसती झिजत असेल तर कोन वाढवून काही हाती लागणार नाही.