हरणाच्या शिकारीची रायफल: ट्रिगर किती हलका ठेवायचा आणि कुठला स्क्रू फिरवायचा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सीझन जवळ आला की रायफल टेबलावर ठेवता ठेवताच बरेच जण सांगतात, ट्रिगर जमेल तेवढा हलका करून द्या. आम्ही लगेच हो म्हणत नाही, आधी विचारतो की तुम्ही शिकार कुठल्या थंडीत करता, ग्लोव्ह्ज घालता का, आणि रायफल स्कोपसकट किती वजनाची आहे. कारण टार्गेटवर बेंचवरून मारणाऱ्याचा ट्रिगर आणि पहाटे गारठलेल्या बोटांनी, धडधडत्या छातीने हरणावर मारणाऱ्याचा ट्रिगर, हे एक असूच शकत नाहीत.

जड ट्रिगरचा त्रास खरा आहे, ते आम्हाला मान्य आहे. स्कोप लावलेली रायफल साधारण ८ पौंडांची, म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास, आणि ट्रिगर ६-७ पौंडांचा असला, म्हणजे तो ओढायला तेवढा जोर लागत असला, तर गोळी सुटेपर्यंत तुम्ही जवळजवळ रायफलच्या वजनाएवढा जोर लावत असता, मग नळी हलणारच, आणि नेम खांद्यामागे धरलेला असताना गोळी पोटात लागते. जखमी जनावर पळून जातं, रात्रभर शोधावं लागतं, कधी सापडतच नाही. हे टाळायचं म्हणूनच ट्रिगरवर खर्च करायचा, टार्गेटवर गोळ्यांची भोकं जवळजवळ पडून ग्रुप छान दिसावा म्हणून नाही.

आमचा आकडा विचाराल तर शिकारीसाठी ३ ते ४ पौंड, म्हणजे साधारण १.४ ते १.८ किलो. जाड ग्लोव्ह्ज घालणाऱ्याला ४ च्या जवळ ठेवून देतो, कारण ग्लोव्हमधून बोट ट्रिगरला कधी टेकलं तेच कळत नाही. पातळ ग्लोव्ह किंवा उघडं बोट आणि रोजचा सराव असेल तर अडीच पौंडापर्यंत जातो, त्याच्या खाली शिकारीची रायफल आम्ही करून देत नाही, आग्रह केला तरी नाही.

आणि वजनापेक्षा महत्त्वाचं काय तर ट्रिगर सुटतो कसा. चांगला ट्रिगर वाळकी काडी कटकन मोडावी तसा सुटतो. तोच जर सुटायच्या आधी सरकत, खरखरत येत असेल तर २ पौंडांचासुद्धा त्रासदायक वाटतो, आणि स्वच्छ सुटणारा साडेतीन पौंडांचा ट्रिगर हातात दिला की लोक विचारतात हा २ चा आहे का. बऱ्याचदा ती खरखर म्हणजे फक्त घट्ट झालेलं जुनं तेल आणि धूळ असते, ट्रिगर साफ केला की निम्मी तक्रार तिथेच संपते.

मोजायचं कसं, तर रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटानेही चेंबर तपासून पक्कं करा, मग ट्रिगर गेजचा, म्हणजे ट्रिगर ओढायला लागणारा जोर मोजायच्या काट्याचा, हुक ट्रिगरच्या वळणात मध्यावर, जिथे बोट बसतं तिथेच लावा आणि सरळ मागे हळू ओढा. एकदा मोजून भागत नाही, दहा वेळा मोजून सरासरी काढा, आणि आकडे एकमेकांपासून अर्ध्या पौंडाहून जास्त लांब पडत असतील तर स्क्रूला हात लावू नका, आत काहीतरी बिघडलंय.

बऱ्याच बोल्ट ॲक्शन रायफलींच्या, म्हणजे हाताने बोल्ट मागेपुढे करून काडतूस भरायच्या रायफलींच्या, ट्रिगरमध्ये तीन स्क्रू असतात. एक स्प्रिंगचा, म्हणजे वजनाचा, दुसरा ट्रिगर सुटल्यावर किती मागे जातो त्याचा आणि तिसरा सिअर, म्हणजे ट्रिगर ओढेपर्यंत फायरिंग पिन अडवून धरणारा भाग, किती अडकून राहतो त्याचा. घरी फिरवायचा असेल तर फक्त पहिला, तोही मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तरच, एका वेळी पाव फेरा, आणि प्रत्येक वेळी पुन्हा गेज. तिसऱ्याला कृपा करून हात लावू नका. सिअरची पकड थोडी जरी जास्त कमी झाली की बोल्ट जोरात बंद केल्यावर किंवा दस्ता आपटल्यावर रायफल आपोआप सुटते.

ट्रिगरच्या आत बारीकशी गोष्टही किती महाग पडते बघा, २०१४ साली रेमिंग्टन या रायफल बनवणाऱ्या कंपनीने एक्स-मार्क प्रो ट्रिगरवाल्या मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन रायफली परत मागवल्या होत्या, कारण जोडणीच्या वेळी चिकटवायचं द्रव्य जास्त पडलं होतं आणि त्यामुळे ट्रिगर न ओढता रायफल सुटण्याची शक्यता होती. म्हणून स्क्रू बसवल्यावर डोक्यावर लॅकरचा एकच ठिपका द्या, आत ओघळू देऊ नका.

ॲडजस्ट केल्यावर रिकाम्या रायफलवर या तपासण्या न चुकता करायच्या. सेफ्टी लावून ट्रिगर जोरात ओढा, सोडा, मग सेफ्टी काढा, फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी पिन) पडता कामा नये. मग सेफ्टी काढलेली ठेवूनच दस्ता रबरी मॅटवर चांगला आपटा, आणि बोल्ट जोरात बंद करून बघा, पाच-सहा वेळा तरी. एकदाही पिन पडली तर ती रायफल शिकारीला न्यायची नाही, आमच्याकडे आणा. थंडीत शिकार करणार असाल तर रायफल काही तास बाहेरच्या गारठ्यात ठेवून हेच सगळं परत करा, जाड तेल गोठलं की घरातला ट्रिगर आणि जंगलातला ट्रिगर वेगळे वागतात.

आमच्याकडे आणताना बोल्ट काढून वेगळा आणा, काडतुसं घरीच ठेवा, आणि शिकारीला घालता तेच ग्लोव्ह्ज सोबत घ्या. आधी कुणी स्क्रू फिरवला असेल तर तेही सांगा, आम्ही रागावणार नाही, फक्त मग आम्ही सिअरपासून तपासायला सुरुवात करतो आणि एक दिवस जास्त लागतो.