निक्केई भोजन

निक्केई भोजन : जपानी हात आणि पेरूचा बाजार यांच्या मिलाफातून दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, मुख्यतः राजधानी लिमा आणि तिला लागून असलेल्या कायाओ बंदरात, घडलेली खाद्यपरंपरा. ‘निक्केई’ हा जपानी शब्द आहे. जपानबाहेर स्थायिक झालेले जपानी आणि त्यांचे वंशज, असा त्याचा अर्थ. म्हणजे हे नाव मुळात माणसांचे. पदार्थांना ते फार उशिरा, १९८० च्या दशकात लाभले. त्याचे श्रेय बहुधा पेरूचे कवी रोदोल्फो इनोस्त्रोसा यांना दिले जाते. जगभरच्या महागड्या उपाहारगृहांत आज या जेवणाला ‘फ्यूजन’ म्हणतात, पण तो शब्द अपुरा आहे. दोन देशांच्या पाककृती समोर ठेवून एखाद्या शेफने हा सांधा जुळवलेला नाही. मळ्यावरच्या मजुरांच्या चुली, गल्लीतल्या खानावळी आणि बंदरावरचा मासळीबाजार यांतून दोन-तीन पिढ्या ही चव मुरत गेली. तिला नाव मिळाले तेव्हा ती वयाने मोठी झालेली होती.

इतिहास : ३ एप्रिल १८९९ रोजी ‘साकुरा मारू’ हे जहाज ७९० जपानी मजूर घेऊन कायाओला लागले. पेरू आणि जपान यांच्यात १८७३ मध्येच मैत्री व व्यापाराचा करार झालेला होता. पेरूच्या किनाऱ्यावरील ऊस आणि कापसाच्या मळ्यांना माणसे हवी होती, आणि मेइजी सम्राटाच्या काळातील जपानी खेड्यांत हातांना काम पुरत नव्हते. मजुरांशी केलेला करार चार वर्षांचा होता. मलेरिया, आमांश आणि विषमज्वराने पहिल्याच वर्षात शंभराहून अधिक माणसे दगावली. जे तगले त्यांतले पुष्कळजण मळे सोडून लिमात आले. तिथे त्यांनी केशकर्तनालये थाटली, वाण्याची दुकाने टाकली आणि ‘फोंदा’ म्हणजे साध्या खानावळी काढल्या. गल्ल्यावर जपानी मालक, बाकावर लिमाचे कामगार आणि ताटात पेरूचेच जेवण, असे या खानावळींचे रूप होते. मालकाच्या घरी मात्र भात, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) आणि मासळी शिजत असे. हे दोन स्वयंपाक एकाच छपराखाली नांदत होते आणि एकाचा जिन्नस दुसऱ्यात जायला पडदा ओलांडण्याइतकेच अंतर होते.

जपान्यांच्या आधी, १८४९ पासून, चिनी मजूर पेरूत आलेले होते. त्यांच्या स्वयंपाकातून ‘चिफा’ ही वेगळी परंपरा उभी राहिली. त्यामुळे सोया सॉस आणि आले लिमाच्या बाजारात आधीच रुळलेले होते. आजही लिमात आल्याला ‘किऑन’ आणि सोया सॉसला ‘सियाओ’ म्हणतात, आणि हे दोन्ही शब्द कँटोनीज चिनीतून आलेले आहेत. जपानी खानावळवाल्यानेही तेच शब्द उचलले.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास या समाजावर मोठा घाला पडला. मे १९४० मध्ये लिमात जपान्यांची घरे-दुकाने लुटली गेली. १९४२ च्या जानेवारीत पेरूने जपानशी संबंध तोडले. त्यानंतर सुमारे १,८०० जणांना पेरूतून उचलून अमेरिकेतील छावण्यांत पाठवण्यात आले. त्यांत टेक्सासमधील क्रिस्टल सिटीची छावणी विशेष कुप्रसिद्ध आहे. युद्ध संपल्यावर त्यांच्यापैकी फार थोड्यांना पेरूत परतू दिले. मागे राहिलेल्यांच्या शाळा बंद झाल्या आणि चारचौघांत जपानी बोलणे धोक्याचे झाले. स्वयंपाकघर तेवढे कोणी बंद करू शकले नाही. निक्केई जेवणाच्या झगमगत्या वर्णनांत या वर्षांचा उल्लेख सहसा नसतो, आणि तो असायला हवा. युद्धानंतरच्या पिढीने जपानी भाषा बरीचशी गमावली, पण जिभेची आठवण जपली. १९६७ मध्ये लिमाच्या हेसूस मारिया भागात पेरू-जपान सांस्कृतिक केंद्र उभे राहिले. ३ एप्रिल हा दिवस आता पेरू-जपान मैत्रीचा दिवस म्हणून पाळला जातो.

कच्ची मासळी, लिंबू आणि वेळ : निक्केई स्वयंपाकाचे मर्म सेविचे या पदार्थात सापडते. पेरूच्या किनाऱ्याने हंबोल्ट हा थंड सागरी प्रवाह वाहतो आणि तिथले पाणी मासळीने विलक्षण समृद्ध आहे. कच्च्या मासळीचे तुकडे, लिंबाचा रस, मीठ, उभा चिरलेला लाल कांदा आणि मिरची एवढेच सेविचेचे साहित्य. सोबत उकडलेले रताळे, टपोऱ्या दाण्यांचा ‘चोक्लो’ मका आणि भाजलेल्या मक्याचे कुरकुरीत दाणे असतात. लिंबाच्या आम्लाने मासळीतील प्रथिनांची घडण बदलते, काचेसारखे दिसणारे मांस पांढरे आणि घट्ट होते आणि विस्तवाशिवाय शिजल्यासारखे लागते. हे लिंबूही मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. पेरूत ज्याला ‘लिमोन सुतील’ म्हणतात ते आपल्या कागदी लिंबाच्याच जातीचे. ते मूळचे आशियातले आणि स्पॅनिश लोकांबरोबर अटलांटिक ओलांडून तिकडे गेलेले.

पूर्वी पेरूत मासळी लिंबात तासन्‌तास मुरवत ठेवत. ही वेळ काही मिनिटांवर आणण्याचे श्रेय लिमातील जाणकार मंडळी जपानी आचाऱ्यांना देतात, आणि ते पटण्याजोगे आहे. मासळी आज सकाळची असेल तर तिची स्वतःची चव लिंबाखाली का बुडवावी, हा सशिमी म्हणजे कच्च्या मासळीचे पातळ काप कापणाऱ्याचा सरळ प्रश्न होता. आज चांगल्या ठिकाणी सेविचे गिऱ्हाइकाने मागितल्यावरच कालवतात आणि लगेच वाढतात. सुरी आणि घड्याळ, ही जपान्यांनी पेरूच्या स्वयंपाकाला दिलेली खरी देणगी. सोया सॉस आणि वसाबी ही झणझणीत हिरवी जपानी चटणी त्यानंतरची.

याच विचाराचे दुसरे टोक म्हणजे ‘तिरादितो’. यात मासळीचे सशिमीसारखे लांबट, पातळ काप ताटलीत एका थरात मांडतात आणि रस्सा अगदी वाढतेवेळी वरून ओततात. कांदा घालत नाहीत. रस्सा बहुधा ‘आही आमारियो’ या केशरी-पिवळ्या मिरचीचा असतो. ही मिरची आपल्या लवंगी मिरचीची सख्खी नव्हे, चुलत बहीण. वनस्पतिशास्त्रात तिची जात वेगळी. तिखटपणा मध्यम आणि वासाला किंचित फळासारखी. तिचा ठसका जिभेवर हळूच चढतो.

सेविचे कालवल्यावर खाली उरणाऱ्या आंबट-खारट, ढगाळ रसाला ‘लेचे दे तिग्रे’ म्हणजे वाघाचे दूध म्हणतात. मराठीत वाघिणीचे दूध म्हटले की इंग्रजी भाषा आठवते. लिमात ते छोट्या पेल्यातून पितात आणि रात्रीची नशा उतरवायला रामबाण समजतात. निक्केई आचारी त्यात आले, थोडा सोया सॉस, तिळाचे तेल किंवा दाशी मिसळतात. दाशी म्हणजे सुकवून धुरावलेल्या मासळीच्या पापुद्र्यांचे आणि समुद्री शैवालाचे जपानी सार. त्याने आंबटपणाची धार बोथट न होता खाली एक गोडसर, खोल चव तयार होते.

लिंबाने मासळीतले सगळे जंतू मरत नाहीत, आणि याचा मोठा फटका पेरूला १९९१ मध्ये बसला. त्या वर्षी कॉलऱ्याची साथ आली आणि लोकांनी सेविचेकडे पाठ फिरवली. मासळीचा धंदा बसला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आल्बेर्तो फुजिमोरी, जे स्वतः जपानी स्थलांतरितांचे पुत्र होते, त्यांनी लोकांचा धीर वाढवण्यासाठी जाहीरपणे सेविचे खाल्ले. साथीचा जोर असताना असे करणे योग्य नव्हते अशी टीकाही त्यांच्यावर झाली. आजचे चांगले उपाहारगृह मासळीचा उगम, बर्फ आणि गोठवण याबाबत काटेकोर असते. पेरूत सेविचे परंपरेने दुपारी खातात, कारण मासळी सकाळी बंदरावर येते. ‘सेविचेरिया’ म्हणजे सेविचेची उपाहारगृहे संध्याकाळपूर्वी बंद होतात, त्यामागे हेच कारण आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने सेविचेची परंपरा मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. जपानची ‘वाशोकू’ ही भोजनपरंपरा त्या यादीत २०१३ पासून आहे.

आचारी आणि उपाहारगृहे : घरगुती चव गिऱ्हाइकांपुढे आणण्याचे काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही मोजक्या माणसांनी केले. उंबेर्तो सातो यांचे ‘कोस्तानेरा ७००’ हे लिमातील उपाहारगृह मिठाच्या जाड कवचात भाजलेल्या ‘चिता’ या मासळीसाठी नावाजले. कायाओच्या रोसिता यिमुरा यांनी ऑक्टोपसचे पातळ काप जांभळ्या ऑलिव्हच्या दाट सॉसमध्ये वाढले. ‘पुल्पो आल ओलिवो’ हा त्यांचा पदार्थ आज पेरूभर मिळतो आणि खाणाऱ्यांतल्या अनेकांना त्याची कर्ती ठाऊकही नसते. नोबू मात्सुहिसा हे सुशी (आंबटसर भात आणि मासळीचा जपानी पदार्थ) करणारे जपानी आचारी १९७३ मध्ये, विशीत असताना, लिमाला आले आणि ‘मात्सुएई’ या उपाहारगृहात भागीदार झाले. तोशिरो कोनिशी हे तिथले दुसरे मोठे नाव. कोनिशी पेरूतच राहिले आणि तिथल्या घराघरांत ओळखीचे झाले. मात्सुहिसा तीनेक वर्षांनी बाहेर पडले. त्यांनी १९८७ मध्ये बेव्हर्ली हिल्समध्ये आणि १९९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये उपाहारगृहे काढली, आणि तिरादितो लिमाबाहेरच्या जगाला कळला तो मोठ्या प्रमाणावर त्यांच्यामुळे.

आजचे सर्वांत प्रसिद्ध नाव मित्सुहारू त्सुमुरा यांचे. ते लिमात जन्मले, अमेरिकेत पाकशास्त्र शिकले, मग जपानमध्ये ओसाका इथे उमेदवारी करून परतले. २००९ मध्ये त्यांनी लिमाच्या मिराफ्लोरेस भागात ‘माइदो’ हे उपाहारगृह सुरू केले. २०२५ मध्ये जगातील सर्वोत्तम ५० उपाहारगृहांच्या प्रसिद्ध यादीत ते पहिल्या क्रमांकावर आले. अशा याद्यांवर किती विसंबावे हा प्रश्न आहेच, पण मळ्यावरच्या मजुरांपासून निघालेला एक स्वयंपाक तिथवर पोहोचला ही गोष्ट लहान नाही.

जेवणाची रीत : माइदोत पाऊल टाकताच सगळे कर्मचारी एका सुरात ‘माइदो!’ असा पुकारा करतात. ओसाकातले दुकानदार नेहमीच्या गिऱ्हाइकाचे स्वागत याच शब्दाने करतात. निक्केई उपाहारगृहात जागा निवडायची मुभा असेल तर सुशी कापणाऱ्या आचाऱ्यासमोरच्या फळीपाशी बसावे. तिथे सुरी कशी चालते ते दिसते आणि पदार्थ हातातून थेट ताटलीत येतो.

जेवण थंडाकडून गरमाकडे सरकते. आधी तिरादितो किंवा सेविचे येते. ते गप्पांत ठेवून देऊ नये. दर मिनिटाला लिंबू आपले काम करत असते आणि पाचव्या मिनिटाची चव पहिल्या मिनिटाची राहत नाही. मग ‘काउसा’ येते. लिंबू आणि आही आमारियो घालून मळलेल्या थंड, पिवळ्याधमक बटाट्याचा हा थर असतो. निक्केई हाताखाली त्याची सुशीच्या भातासारखी मूद होते आणि वर मासळी बसते. बटाटा हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला आणि ती वस्तू मूळची याच अँडीज पर्वतातली, म्हणून काउसाची पहिली चव मराठी माणसाला परकी वाटत नाही. निगिरी सुशीवर, म्हणजे भाताच्या छोट्या मुदीवर मासळी किंवा मांसाचा काप ठेवलेल्या सुशीवर, लिमाचा शिक्का असतो. ‘आ लो पोब्रे’ म्हणजे गरिबाघरच्या रीतीने, अर्थात मांसावर तळलेले अंडे ठेवून खाण्याची पेरूची जुनी पद्धत. माइदोत त्याची छोटी आवृत्ती निगिरीवर येते, गोमांसाच्या कापावर लाव्याचे अंडे. अशा निगिरीवर आचाऱ्याने जे लावायचे ते लावलेले असते, तेव्हा ती पुन्हा सोया सॉसमध्ये बुडवायची नसते. हाताने उचलून एका घासात खाल्ली तरी चालते.

यानंतर विस्तवावरचे पदार्थ. ‘आंतिकूचो’ म्हणजे काडीला ओवून निखाऱ्यावर भाजलेले गोहृदयाचे तुकडे. त्यांच्या मसाल्यात इथे मिसो शिरतो. माइदोतील बरगडीचे मांस ५० तास मंद आचेवर शिजवतात आणि ते चमच्याने तुटते. त्सुमुरा यांनी अॅमेझॉनच्या जंगलातील ‘पाइचे’ या प्रचंड नदीमाशालाही ताटात जागा दिली आहे, म्हणजे ही परंपरा किनाऱ्यावरून आता आत सरकते आहे.

पिण्यासाठी पिस्को सावर मागवतात. द्राक्षांची पिस्को दारू, लिंबू, साखर आणि अंड्याच्या पांढऱ्याचा फेस असा तो पेला असतो. दारू नको असेल तर ‘चिचा मोरादा’ घ्यावी. जांभळा मका अननसाच्या साली, दालचिनी आणि लवंग घालून उकळतात आणि ते पाणी गार करून लिंबू पिळून देतात.

सामान्य लिमाकराचे निक्केई मात्र याहून स्वस्त आणि गजबजलेले असते. ‘आसेविचादो’ नावाची सुशीची गुंडाळी, जिच्यावर सेविचेच्या चवीचा दाट सॉस ओतलेला असतो, ती शहरात जागोजागी मिळते आणि शनिवारी रात्री घरोघर मागवली जाते. जपानी पाहुणा तिला सुशी म्हणायला कदाचित कचरेल. लिमाच्या पोरांना सुशी म्हटले की आधी तीच आठवते.

मराठी घरांतून परदेशी गेलेल्या शाकाहाऱ्यांना या उपाहारगृहात उपाशी राहावे लागत नाही. अॅव्होकॅडोची काउसा, अळंब्यांचा तिरादितो, मिसो लावून भाजलेले वांगे अशा गोष्टी करून मिळतात. खबरदारी रश्श्याची घ्यावी. भाजीच्या पदार्थातही दाशी घातलेले असू शकते आणि त्यात सुकी मासळी असते. ती दिसत नाही आणि पुष्कळदा वासही येत नाही. म्हणून मागवतानाच दाशी कशाचे आहे ते विचारावे. नुसत्या कोम्बू शैवालाचेही दाशी होते आणि ते पूर्ण शाकाहारी असते.